कोर्स चांगला, जाहिरात खोटी: ट्रायथलॉन कोच व्हायला निघालेल्या एका ऑडिटरचा अहवाल

बावीस वर्षं मी इंटर्नल ऑडिटमध्ये काढली. लोकांची खाती तपासायची, आक्षेप काढायचे, खुलासे मागवायचे आणि शेवटी कुणालाच न आवडणारा अहवाल लिहायचा. सेहेचाळिसाव्या वर्षी नोकरी सोडली आणि ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं सलग करायच्या शर्यतीची, कोच होण्यासाठी सर्टिफिकेट कोर्स केला. त्याचाही अहवाल लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं, तो हा. संस्थेचं नाव घेत नाही. तुकडीतल्या काहींनी आधी दुसरीकडचे कोर्स केले होते. त्यांच्याशी बोलल्यावर लक्षात आलं, की माझे निम्मे आक्षेप तिकडेही तसेच लागू पडतात.

आधी कोर्सचं स्वरूप. चौदा आठवडे, आठवड्यातून दोन संध्याकाळी दीड-दीड तासाचे ऑनलाइन वर्ग. मध्ये तीन शनिवार-रविवार प्रत्यक्ष हजर राहून प्रात्यक्षिक: एक पोहण्याचं, एक सायकलचं, एक धावण्याचं. शेवटी लेखी परीक्षा, एका खऱ्या माणसासाठी बारा आठवड्यांचा सराव-आराखडा, आणि तलावाच्या काठावर उभं राहून घेतलेल्या एका सत्राचं चित्रीकरण. प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रमाणपत्र आपलं आपण आणायचं, त्याशिवाय निकाल देत नाहीत. ही अट मला आवडली. फी माझ्या शेवटच्या पगाराच्या दीड महिन्याइतकी होती. एवढं सांगितलं की अंदाज येईल.

आता जाहिरात. एका कड्यावर सायकल टेकवून, मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली हसरी बाई, आणि खाली ओळ: 'नोकरीला रामराम करा, आवडीलाच व्यवसाय करा. पूर्वानुभवाची गरज नाही.' त्या फोटोतल्या बाईचं हेल्मेट डोक्यावर आहे, पण त्याचा हनुवटीखालचा पट्टा सुटा आहे. ट्रायथलॉनच्या नियमात सायकल स्टँडवरून काढायच्या आधी पट्टा लागलेला असावा लागतो. नाहीतर पंच तिथेच थांबवतात. कोर्सच्या दुसऱ्याच वर्गात हे शिकवतात. जाहिरात करणाऱ्यांनी तो वर्ग केलेला दिसत नाही.

'पूर्वानुभवाची गरज नाही' या तीन शब्दांवर माझा सगळ्यात मोठा आक्षेप आहे. त्याकडे येतेच.

शिकवणीचा दर्जा उत्तम. मला भीती होती, की शरीरशास्त्राच्या तासाला मी झोपेन. झालं उलटंच. सरावाच्या भाराचं गणित आलं आणि मला माझं जुनं घर दिसलं. १९७५ साली एरिक बॅनिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जलतरणपटूच्या सरावावरून एक मॉडेल मांडलं: प्रत्येक सराव दोन खात्यांत जमा होतो, एक फिटनेसचं आणि एक थकव्याचं. थकव्याचं खातं झपाट्याने भरतं आणि झपाट्याने रिकामं होतं. फिटनेसचं सावकाश भरतं, सावकाश उतरतं. आपण मैदानात उतरवतो ती या दोन खात्यांतली तफावत. आजची बहुतेक सॉफ्टवेअरं हेच करतात, थकव्याला ७ दिवस आणि फिटनेसला ४२ दिवस धरून. सर फळ्यावर उतरती वक्ररेषा काढत होते आणि मी मनात म्हणत होते, अहो, हा तर घसारा! तोही सरळ रेषेचा नव्हे, घटत्या शिलकीच्या पद्धतीचा. मशिनरीवर लावतो तसा. वर्गात मी हे बोलून दाखवलं तर दोन चार्टर्ड अकाउंटंट एकदम हसले. बाकीचे सतरा जण आमच्याकडे बघत राहिले.

या एका उपमेने मला टेपर समजला. स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे सराव निम्म्याच्या आसपास कमी करतात, पण वेग कमी करत नाहीत. नवखा खेळाडू घाबरतो, 'एवढी मेहनत वाया जाईल' म्हणतो. वाया जात नाही, थोडा घसारा लागतो एवढंच. त्या काळात थकव्याचं खातं मात्र त्याहून झपाट्याने उतरतं. आता मी हे खेळाडूंना असंच सांगते. हिशेब ठेवणाऱ्यांना लगेच पटतं. बाकीच्यांना मोबाइलच्या चार्जिंगचं उदाहरण देते. ते तितकं अचूक नाही, पण चालून जातं.

नाडीच्या ठोक्यांचा तासही लक्षात राहिला. २२० वजा वय हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. मॅडमनी प्रत्येकाला ते करायला लावलं आणि धावण्याच्या प्रात्यक्षिकात चढावर प्रत्यक्ष चाचणी घेतली. सूत्राने माझे कमाल ठोके १७४. छातीच्या पट्ट्याने दाखवले १८७. म्हणजे वर्षभर मी ज्याला 'मध्यम' समजून धावत होते ते माझ्यासाठी चक्क हलकं होतं. शेजारच्या गृहस्थांचं नेमकं उलटं: सूत्रापेक्षा अकरा ठोके कमी. ते सूत्राच्या भरवशावर रोज स्वतःला पिळत होते आणि आपण म्हातारे झालो असं धरून चालले होते. सरासरीचं सूत्र एका माणसाला लावलं की काय होतं, हे एवढ्या कमी वेळात इतक्या चांगल्या रीतीने मी कुठे शिकले नव्हते. त्यानंतर ६ ते २० च्या बोर्ग मापनावर 'आत्ता किती जड वाटतंय' हे विचारायला शिकवलं. फुकटचं साधन, बॅटरी लागत नाही.

पोहण्यातलं सीएसएस, म्हणजे न थकता टिकवता येणाऱ्या वेगाचं माप, हेही तसंच सुटसुटीत. ४०० मीटर आणि २०० मीटर, दोन्ही जिवाच्या आकांताने पोहायचं, दोन वेळांची वजाबाकी करायची. माझे ४०० मीटरला ९ मिनिटं २० सेकंद, २०० ला ४ मिनिटं २०. मधल्या २०० मीटरला ५ मिनिटं, म्हणजे दर शंभराला अडीच मिनिटं. हा माझा टिकाऊ वेग. फार अभिमान वाटावा असा नाही, पण खरा आहे.

इतिहासाचा वर्ग म्हणजे निव्वळ करमणूक. १८ फेब्रुवारी १९७८, ओआहू बेट, पहिली आयर्नमॅन, म्हणजे अतिलांब पल्ल्याची ट्रायथलॉन: १५ जण निघाले, १२ जण पोचले, गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पहिला. दुसऱ्या क्रमांकाच्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं तेव्हा त्यांनी त्याला बिअर पाजली. किस्सा रंगवून सांगितला, आणि तिथून सर पटकन गंभीर विषयाकडे वळले: पाणी कमी पिण्याइतकंच जास्त पिणंही घातक, रक्तातलं सोडियम त्याने उतरतं. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ज्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, त्यातल्या १३ टक्क्यांचं सोडियम धोक्याच्या रेषेखाली होतं. शर्यतीत वजन वाढलेले लोक त्यात जास्त होते. 'तहान लागायच्या आधी प्या' हा सल्ला मी स्वतः तीन जणांना दिला होता. त्या रात्री तिघांनाही फोन केले.

हे तिघं म्हणजे माझा पूर्वानुभव. कोर्सच्या आधी वर्षभर मी तिघांना फुकट शिकवत होते: एक दंतवैद्य, एक मुख्याध्यापिका, आणि रात्रपाळी करणारा एक तरुण. वर्ष कसलं, चुकांची वही होती ती. पण कोर्समध्ये प्रत्येक वर्गात माझ्यासमोर तीन चेहरे असायचे. शिकवलेलं लगेच कुणाच्या तरी गुडघ्याला, कुणाच्या तरी झोपेला जाऊन चिकटायचं. तुकडीतल्या सात जणांनी कधीच कुणाला शिकवलं नव्हतं. हुशार मंडळी, स्वतः माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान. त्यांच्या वह्या माझ्यापेक्षा नीट होत्या आणि प्रश्न मात्र एकही नसायचा. त्यातल्या दोघांनी जाहिरात वाचून प्रवेशाआधीच राजीनामा दिला होता. हा कोर्स नोकरी सोडावी का हे ठरवायला उपयोगाचा नाही. ज्याने आधीच एक हंगाम कुणाला तरी शिकवलंय, चुकलाय आणि तरीही शिकवायचंय, त्याच्यासाठी तो आहे. संस्थेने हे प्रवेशअर्जावर छापावं. अर्थात छापलं तर अर्ज निम्मे होतील, तेही मला कळतं.

पोहण्याचं प्रात्यक्षिक. इथे थोडं थांबते, कारण फी वसूल झाली ती याच दोन दिवसांत.

प्रत्येकाला एक स्वयंसेवक शिकाऊ दिला होता. माझ्या वाट्याला साठीच्या आसपासच्या एक बाई आल्या. तलावात कंबरेपर्यंत उभ्या राहायच्या, चेहरा पाण्यात घालायला मात्र तयार नव्हत्या. मी काठावर उकिडवी बसले आणि सुरू झाले: खांदे सैल सोडा, मान सरळ ठेवा, खाली बघा, पाय जवळ घ्या, श्वास घ्या, घाबरू नका. चार मिनिटांनी सर मागून आले आणि हळूच म्हणाले, "मॅडम, अकरा."

"काय अकरा?"

"चार मिनिटांत अकरा सूचना. तुम्ही पूर्वी काय करायचात?"

सांगितलं. ते म्हणाले, "तरीच. यादी वाचून दाखवताय. त्यांना एकच गोष्ट सांगा. आणि 'घाबरू नका' सोडून काहीही सांगा."

मग त्यांनी स्वतः पाण्यात उतरून दाखवलं. नवशिक्याला वाटतं आपल्याला श्वास घेता येत नाही. खरी अडचण अशी, की तो सोडलेलाच नसतो. छाती भरून चेहरा पाण्यात घालायचा आणि तो श्वास तसाच कोंडून ठेवायचा. आत कार्बन डायऑक्साइड वाढतो, गुदमरल्यासारखं होतं, आणि मग माणूस डोकं वर काढून आणखी हवा भरायला बघतो, जिला आत जागाच नसते. सर त्या बाईंना म्हणाले, "काकू, फक्त पाण्यात गुणगुणा. गाणं कुठलंही चालेल." त्या गुणगुणल्या. बुडबुडे आले. वर येऊन हसल्या आणि पुन्हा स्वतःहून खाली गेल्या. पाऊण तासाने त्या काठ सोडून पाच मीटर तरंगत गेल्या. माझ्या अकरा सूचनांपैकी एकही लागली नव्हती.

त्याच संध्याकाळी मोकळ्या पाण्यातल्या सुरक्षिततेचा वर्ग होता, आणि तो कुणीही चुकवू नये असा आहे. अमेरिकेतल्या ट्रायथलॉनमधल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या १३५ मृत्यूंचा आणि हृदय बंद पडण्याच्या घटनांचा अभ्यास झालाय. त्यातल्या ९० पोहताना घडल्या. शर्यतीतला सगळ्यात छोटा टप्पा, आणि दोन तृतीयांश घटना तिथे. सकाळच्या गुणगुणण्याकडे मी त्यानंतर वेगळ्या नजरेने बघायला लागले. आता माझ्याकडे येणाऱ्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला आधी हृदयाची तपासणी करून यायला सांगते. एकाला राग आला. येऊ दे.

सायकलचं प्रात्यक्षिक ठीकठाक. वीस मिनिटं पूर्ण जोर लावायची चाचणी, तिच्यातल्या सरासरी पॉवरचे ९५ टक्के म्हणजे एफटीपी (साधारण तासभर टिकवता येणारा जोर), वळणं कशी घ्यायची, पुढच्या सायकलीपासून १२ मीटर अंतर नजरेने कसं ओळखायचं. चालत्या सायकलवर पाकीट फोडून खायचा सराव मात्र झकास होता. एकोणीसपैकी सहा जणांची पाकिटं रस्त्यावर, एकाचं माझ्या चाकात. तासाला साठ ग्रॅम कर्बोदकं कागदावर लिहिणं सोपं असतं.

आता कच्चे दुवे.

व्यवसायाच्या बाजूला एकच संध्याकाळ दिली, आणि तीही एका पाहुण्या वक्त्याला. दीड तास 'तुमचा ब्रँड', 'तुमची गोष्ट'. लेखी करार कसा करायचा, विमा लागतो का, खेळाडू जखमी होऊन मध्येच थांबला तर पैसे परत करायचे का, एक कोच किती जणांना सांभाळू शकतो, यावर अक्षर नाही. शेवटचा प्रश्न मी विचारला. उत्तर आलं, "सुरुवातीला जितके मिळतील तितके घ्या." हे उत्तर चुकीचं आहे हे मी आता वहीनिशी सांगू शकते. सहा आठवडे मी माझ्या वेळेची नोंद ठेवली. आराखडा लिहिणं, नोंदी वाचणं, फोन, आणि रात्री साडेदहाला येणारे 'मॅडम, उद्या पाऊस असेल तर?' हे सगळं धरून दर खेळाडूमागे आठवड्याला दोन तास दहा मिनिटं. बारा खेळाडू म्हणजे सव्वीस तास. तलावाच्या काठावरचे तास वेगळे. आणि हे तास दिवसाच्या दोन टोकांना असतात, कारण तुमचे खेळाडू मधल्या वेळात नोकरी करतात, जी तुम्ही सोडलीय. माझं स्वतःचं पोहणं आठवड्यातून चार वेळांवरून एकावर आलं. कड्यावरच्या त्या बाईला हे कुणी सांगितलं असेल का, कुणास ठाऊक.

स्त्री खेळाडूंसाठी अर्धा तास. पाळी बंद होणं हे 'भरपूर सराव होतोय' याचं लक्षण नाही, शरीराला खर्चाच्या मानाने अन्न पुरत नसल्याचा इशारा आहे; हाडं त्याची किंमत मोजतात; पुरुषांनाही हा त्रास होतो, म्हणून २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याला 'रेड-एस' हे व्यापक नाव दिलं. एवढं सांगून विषय संपला. आम्ही सहा बायकांनी मिळून मेल लिहिला. दहा दिवसांत दोन तासांचा जादा वर्ग झाला, एका क्रीडावैद्यक डॉक्टरबाईंनी घेतला, आणि पुरुषांनीच जास्त प्रश्न विचारले. तक्रारीला असा प्रतिसाद मी नोकरीत फार क्वचित पाहिलाय, म्हणून मुद्दाम नोंदवते.

लेखी परीक्षा पाठांतराची. साठ प्रश्न, चार पर्याय. एक प्रश्न: ट्रायथलॉनची मिश्र रिले ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदा कोणत्या साली झाली? मी २०२१ वर खूण केली, उत्तर चूक धरलं. आक्षेप काढला: स्पर्धेचं नाव टोकियो २०२० असलं तरी शर्यत ३१ जुलै २०२१ ला झाली, प्रश्न 'कोणत्या साली झाली' असा आहे. गुण मिळाला. खोड जात नाही.

आराखड्याचा निकाल दोन आठवड्यांत देऊ म्हणाले होते, पाच आठवडे लागले. या विलंबाची आगाऊ सूचना नाही, दिलगिरी नाही. पण आला तो हाताने लिहिलेला, तीन पानांचा. मी मुख्याध्यापिकाबाईंसाठी आराखडा केला होता, ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावण्याच्या स्प्रिंट शर्यतीसाठी. प्रत्येक आठवड्याचा भार बेरजेला जुळणारा, दर चौथा आठवडा हलका, रंगीत रकाने. माझ्या मते निर्दोष. परीक्षकांनी नवव्या आठवड्याला लाल गोल केला होता आणि शेजारी एकच प्रश्न: 'या बाईंच्या शाळेची वार्षिक परीक्षा कधी आहे?'

नवव्या आठवड्यात होती. सगळ्यात जड आठवडा मी तिथेच टाकला होता. बावीस वर्षं लोकांना प्रश्न विचारून पोट भरलं आणि हा एक विचारायचा राहिला.

ऑडिटचा उपयोग अजिबात झाला नाही असंही नाही. दंतवैद्यांच्या नोंदी बघताना एकदा खटकलं: ८ किलोमीटर, १० किलोमीटर, ८, १०, १२. सगळे आकडे गोल. घड्याळ ८.०७ दाखवतं, ९.९४ दाखवतं; इतके गोल आकडे फक्त माणूस लिहितो. व्हाउचरमध्येही असेच सापडतात. पूर्वी मी थेट खुलासा मागितला असता. आता म्हटलं, "डॉक्टर, मंगळवारी कुठून धावलात? मला तो रस्ता बघायचाय." जरा वेळ गप्प राहिले आणि मग सांगितलं, की तीन आठवडे धावलेच नाहीत, नडगीच्या हाडावर बोट ठेवलं तरी दुखतंय, आणि मी स्पर्धा रद्द करायला लावेन या भीतीने ते खोट्या नोंदी भरत होते. तपासणीत स्ट्रेस फ्रॅक्चरची सुरुवात निघाली. श्वास आणि हृदय काही आठवड्यांत तयार होतं, हाडांना आणि स्नायुबंधांना महिने लागतात, हे कोर्समध्ये नीट शिकवलं होतं. खोट्या नोंदी कशा ओळखायच्या आणि ओळखल्यावर माणसाला न दुखावता कसं बोलतं करायचं, याचा वर्ग नव्हता. कोर्सच्या दुसऱ्या पातळीला असावा, असं सूचनापत्रात लिहून दिलंय.

गुण द्यायचेच तर शिकवणीला पाचपैकी साडेचार, प्रात्यक्षिकाला पाच, व्यवसायाच्या तासाला एक, कार्यालयीन कामाला अडीच. जाहिरातीला गुण देत नाही. वर्गांची ध्वनिचित्रफीत वर्षभर बघता येते, ही मोठी सोय. प्रवेश घ्यायच्या आधी कार्यालयाला दोन गोष्टी लेखी विचारा: प्रात्यक्षिकाला एका शिक्षकामागे किती विद्यार्थी असतील, आणि आराखडा तपासणारी व्यक्ती स्वतः आज कुणाला शिकवते का. आमच्या वेळी एकास पाच हे प्रमाण होतं. पुढच्या तुकडीत एकास नऊ झाल्याचं कानावर आहे. तसं असेल तर माझे पाचपैकी पाच गुण त्यांना लागू नाहीत.

दुसऱ्या पातळीच्या प्रवेशाला एका खेळाडूची वर्षभराची नोंदवही जोडावी लागते. मुख्याध्यापिकाबाईंनी त्यांची वापरायला परवानगी दिलीय, नववा आठवडा आहे तसाच ठेवायचा या अटीवर.